झाकण उघडल्यावर

एक दाढ दुखते म्हणून दंतवैद्याकडे गेलेला माणूस तिच्या शेजारच्या दोन धडधाकट दाढाही काढून घ्यायचा हट्ट धरतो, हे मी आमच्या काकांच्या आधी कुठे पाहिलं नव्हतं. तोंड उघडलंच आहे, इंजेक्शन दिलंच आहे, तर मग आजूबाजूचं जुनं सामानही आताच काढून टाका, असं त्यांचं म्हणणं. मालवणातल्या त्या तरुण डॉक्टरने आधी समजावलं, मग विनवलं, आणि शेवटी एकच दाढ कागदात गुंडाळून हातात देऊन त्यांना बाहेर काढलं. काका रस्ताभर धुसफुसत होते. गालात कापसाचा बोळा असल्यामुळे शब्द कळत नव्हते, पण सूर पुरेसा कळत होता. घरी आल्यावर बोळा थुंकून त्यांनी निकाल दिला, की डॉक्टर शिकलेला बरा आहे, पण कामाचा नाही.

हे काका माझे कोणी नातेवाईक नव्हते. मालवणपासून जवळच, खाडीकाठच्या एका गावातल्या हायस्कुलात मला नोकरी लागली, तेव्हा त्यांच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या, एवढाच आमचा संबंध. मी फोंडाघाटची, घाटाच्या पायथ्याला वाढलेली. समुद्र म्हणजे शाळेच्या सहलीत बघायची गोष्ट. एक-दोन वर्षं इथे काढू आणि घराजवळ बदली करून घेऊ, असा माझा बेत होता. त्या खोल्यांत मी अजून राहते.

गावात त्यांना सगळे चीफ म्हणत. बोटीवर चीफ इंजिनियर होते, असा सर्वसाधारण समज होता. खरं म्हणजे ते इंजिनरूममध्ये फिटर होते आणि फिटर म्हणूनच निवृत्त झाले, हे काकींनी मला पहिल्याच आठवड्यात, तांदूळ निवडता निवडता सांगून टाकलं. काकांनी स्वतः कधी खोटं सांगितलं नाही. पण कोणी चीफ म्हणून हाक मारली की ते जरा ताठ होत आणि "येवा, बसा" म्हणत, आणि ती हाक दुरुस्त करायची तसदी काही घेत नसत.

बोटीवरून त्यांनी दोन गोष्टी आणल्या होत्या. एक म्हणजे हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर. त्याचं टोक चालत्या यंत्राला लावायचं आणि मूठ कानाला लावायची, की आतलं बेरिंग काय बोलतं ते ऐकू येतं. ते मोटारीला ठीकच होतं. पण काका तो स्क्रू ड्रायव्हर फ्रिजला लावत, मिक्सरला लावत, आणि एकदा तर झाडावरच्या फणसाला लावून ऐकताना मी त्यांना पाहिलं आहे. मी हसले तेव्हा त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं, की पिकलेला फणस आणि कच्चा फणस यांच्यात आवाजाचा फरक असतो, पण तो ऐकायला कान लागतात. तो फणस कापल्यावर कच्चा निघाला. काकींनी त्याची भाजी केली.

दुसरी गोष्ट म्हणजे नियम. बोटीचं इंजिन उघडायचं ते बंदरात. एकदा उघडलं की आत झिजणारं जे जे काही असेल ते सगळं बदलायचं आणि मगच झाकण लावायचं, कारण भर समुद्रात पुन्हा उघडायची सोय नसते. बोटीवर हा नियम शहाणपणाचाच असणार. काकांनी तो तसाच्या तसा उचलून जमिनीवर आणला. "झाकण एकदाच उघडूचा," ते म्हणत, "जुना आसा ता भायर काढूचा, आणि मगेच धापूचा." धापायचं म्हणजे बंद करायचं, हे मला तिथे गेल्यावर कळलं. नियम मात्र न शिकताच कळला, कारण मी राहायला गेल्यावर महिन्याभरात माझ्या न्हाणीघरातला नळ गळायला लागला. मी भाबडेपणाने काकांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर अंगणात घराची सगळी नळजोडणी मांडून ठेवलेली. नळ, पाइप, वळणं, टाकीचा बॉल, सगळं. पुढचे चार-पाच दिवस आम्ही विहिरीवरून पाणी भरलं. नळ मात्र तेव्हापासून आजतागायत गळलेला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

प्रत्येक वेळी असं भलं होईच असंही नाही. शेजारच्या अण्णांचा विहिरीवरचा पंप उत्तम चालला होता. फक्त त्याचा पाइप बदलायचा होता. काकांनी तिथे जाऊन, पाइप काढलाच आहे तर पंपही जुना झाला, असं त्यांच्या गळी उतरवलं. नवा पंप आला आणि ऐन उन्हाळ्यात बंद पडला. अण्णांची पोफळी सुकायला लागली. अण्णा तेव्हापासून काकांना बघून रस्ता बदलत, आणि काका म्हणत, पंपाचा दोष नाही, बसवणाऱ्याचा आहे. बसवला कोणी, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

काकी या सगळ्याच्या नेमक्या उलट. त्यांच्या आडाळ्याचं, म्हणजे विळीचं, पातं झिजून बोटाएवढं झालेलं, चहाच्या भांड्याच्या कानाला तार गुंडाळलेली, चपलेचा अंगठा तीनदा शिवलेला. "चालता ता चालांदे," हे त्यांचं उत्तर. काका बोटीवर असताना वर्षातले नऊ-दहा महिने घर काकींच्या या तत्त्वावर चालत असे, आणि काका रजेवर आले की महिन्याभरात सगळं उघडून, बदलून, पुन्हा निघून जात. काढलेल्या वस्तू काकी गुपचूप माळ्यावर ठेवत आणि बोट सुटली की हळूहळू खाली आणत. दोघांचा संसार असा पस्तीस-एक वर्षं चालला होता. भांडण म्हणावं असं मी कधी ऐकलं नाही. काका बदलायचे आणि काकी ठेवायच्या, आणि दोघांनाही वाटायचं की घर आपल्यामुळे उभं आहे.

निवृत्त झाल्यावर काकांनी एक जुनी पांढरी मोटार घेतली. मला गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं, आणि त्या शिकवण्याबद्दल मी फार बोलत नाही. एवढंच सांगते, की क्लच दाबल्यावर गाडीच्या आत काय काय होतं हे तोंडपाठ झाल्याशिवाय त्यांनी मला किल्ली फिरवू दिली नाही. माझ्या शाळेतल्या मुलांना मी इतकं कधी छळलं नसेल.

या गाडीच्या निमित्ताने मी बस्त्यावच्या गॅरेजात पहिल्यांदा गेले. बस्त्याव म्हणजे त्यांचा मेकॅनिक, मालवणच्या वाटेवर त्याचं गॅरेज. आजोबा गोव्याचे, बाकी सगळा इथलाच. गाडीचा टायमिंग बेल्ट बदलायचा होता. हा बेल्ट म्हणजे इंजिनाच्या बाजूला एका झाकणाखाली असलेला दातेरी रबरी पट्टा. इंजिनाचा खालचा भाग आणि वरचा भाग त्याच्या जोरावर एकमेकांशी ताल धरून फिरतात. तो चालत्या गाडीत तुटला तर वरचं खालच्यावर आदळतं आणि इंजिन कामातून जातं. म्हणून तो तुटायच्या आधीच, ठरावीक अंतराने किंवा काही वर्षांनी बदलतात. हे सगळं मला काकांनी जाताना वाटेत तीनदा सांगितलं.

गॅरेजात गेल्यावर काकांनी पिशवीतून नारळ काढला. मला वाटलं बस्त्यावला भेट द्यायला आणलाय. पण काका गाडीच्या समोर उभे राहिले, बस्त्याव आणि त्याचे दोघे कारागीर हात पुसून मागे उभे राहिले, आणि काकांनी चक्क गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. आमच्याकडे काहीही नवं सुरू करताना देवाला असं मोठ्याने सांगायची पद्धत आहे. एकजण बोलतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला होकार भरतात. पण ते शेतात, देवळात, होडी पाण्यात लोटताना. इंजिनासमोर मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"बा देवा म्हाराजा," काका म्हणाले, "आज ही तुझी लेकरां हय जमली आसत. ह्यो पट्टो, ह्यो टेन्शनर, ह्यो आयडलर आणि ह्यो वॉटर पंप, ह्येनी आजपर्यंत इमानान चाकरी केल्यानी. तेंची आता सुखरूप सुटका कर, आणि नव्यांका बळ दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," तिघे म्हणाले. बस्त्यावचा आवाज सगळ्यांत मोठा होता. म्हणून झाल्यावर त्याने छातीवर क्रूस काढला आणि पाना उचलला.

झाकण उघडल्यावर मात्र वाद सुरू झाला. बस्त्याव म्हणाला, पट्टा बदलू, त्याला ताणून धरणारा टेन्शनर आणि वाट दाखवणारी आयडलरची चाकं बदलू, पण इंजिनात पाणी फिरवणारा वॉटर पंप चांगला आहे, त्याला हात लावायला नको. काकांनी पंपाची फिरकी बोटाने फिरवली, कान लावला आणि पंप चांगला आहे हे मान्य केलं. मग म्हणाले, "बरो आसा तवसरच तेका रिटायर कर."

मला हसू आलं, पण या एका ठिकाणी काका अगदी बरोबर होते, हे मी प्रामाणिकपणे सांगते. तो पट्टा पंपावरूनही फिरतो. उद्या पंप अडकला तर नवा कोरा पट्टाही तुटणार, आणि पंप बदलायला पुन्हा तीच सगळी उचकाउचक करावी लागणार. दाढेच्या बाबतीत जो वेडेपणा होता तोच इथे शहाणपणा ठरत होता. त्यांचा स्वभाव जणू या एका कामासाठीच घडवलेला होता, आणि ते काम चार-पाच वर्षांतून एकदाच येत असे. त्या दिवशी काका इतके खुशीत होते की परतताना त्यांनी मला कोकम सरबत पाजलं आणि सगळा वेळ बोटीवरच्या एका बंद पडलेल्या पंपाची गोष्ट सांगितली, जी मी आधी ऐकली होती.

काढलेले सगळे भाग त्यांनी घरी आणले. ओटीवर वर्तमानपत्र पसरून रांगेत मांडले. काकींना बोलावून एकेकाची ओळख करून दिली. काकींनी पंप हातात घेऊन, हा तर चांगला दिसतो, असं म्हटलं, तेव्हा काकांनी कपाळावर हात मारला. नंतर ते सगळं माळ्यावर गेलं, हे सांगायला नकोच.

मग मधे काही वर्षं गेली. माझी बदली मी मागितलीच नाही. आणि एका सकाळी काका खळ्यात, म्हणजे सारवलेल्या अंगणात, गाडी धूत असताना छातीला हात लावून खाली बसले. गाडी मीच चालवली. गोव्याच्या हॉस्पिटलपर्यंत काकी मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वेळेवर पोचलो. दोन शिरा अरुंद झाल्या होत्या. डॉक्टरांनी एकीत स्टेंट घातला आणि दुसरीला गोळ्यांवर ठेवलं. काकांनी शुद्धीवर आल्या आल्या काय विचारलं असेल ते मला वेगळं सांगायला नको. दुसरी का नाही बदलली, असं ते प्रत्येक राउंडला विचारत. डॉक्टर भला माणूस होता. त्याने चित्र काढून दाखवलं, की दुसरीला अजून हात लावायची गरज नाही आणि हे हृदय पुष्कळ चालेल. काकांनी ते चित्र बराच वेळ बघितलं. मग मला हळूच म्हणाले, "बाय, जुनो पंप तसोच ठेवून झाकण धापल्यानी."

तेव्हा आम्ही हसलो. पण घरी आल्यावर लक्षात आलं की ते विनोद करत नव्हते.

डॉक्टरांनी काही आठवडे गाडी चालवू नका म्हणून सांगितलं होतं. आठवडे संपले तरी काकांनी किल्लीला हात लावला नाही. खळ्यात खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसत. मिक्सर घरघरायला लागला तर तो उघडायला उठले नाहीत, तेव्हा काकींनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांच्याकडे. मुंबईला असलेल्या त्यांच्या मुलाने व्हिडिओ कॉलवर गाडी विकायची गोष्ट काढली, तर काका म्हणाले, बघूया. पूर्वीचे काका असते तर फोन बंद झाला असता. आम्हाला वाटत होतं आजारपणाचा थकवा असेल, जाईल. मनातून मात्र मला भीती वाटत होती. हा माणूस आपल्या डोळ्यांसमोर एकेक गोष्ट सोडून देतोय आणि आपण नुसतं बघतोय, असं वाटून मला शाळेतही चैन पडत नसे.

अशातच पट्ट्याची मुदत पुन्हा भरली. काका माझ्या डाव्या हाताला बसले आणि आम्ही बस्त्यावकडे गेलो. बस्त्याव आणि त्याचे कारागीर हात पुसून काकांच्या मागे येऊन उभे राहिले. काकांनी पिशवी आणली नव्हती. गाऱ्हाणं घातलं नाही. बस्त्यावने मग आपणहूनच विचारलं, की पट्टा, टेन्शनर, आयडलर, पंप, सील, सगळं मागवतो ना.

"फकत पट्टो बदल," काका म्हणाले.

बस्त्यावला वाटलं काका त्याची चेष्टा करतायत. तो म्हणाला, चीफ, मागच्या वेळी पंपावरून तुम्ही मला अर्धा दिवस झापलंत, आणि आता तर पंपाची पाच वर्षं झाली.

"ऱ्हवांदे रे," काका म्हणाले. "आता कितकीशी चलतली?"

ते गाडीबद्दल बोलतायत असं मला क्षणभर वाटलं. बस्त्यावला ते माझ्या आधी कळलं असावं, कारण तो नुसता चिंधीने हात पुसत राहिला. गाडी तिथे ठेवून आम्ही रिक्षाने परत आलो.

काकी मागच्या दारी मासे साफ करत होत्या. मी त्यांना झालेलं सगळं सांगितलं. नारळ नव्हता हे सांगितलं तरी त्यांचे हात चालूच होते. फक्त पट्टा म्हणाले, हे ऐकल्यावर त्यांचे हात थांबले.

"पंप नको म्हणाले?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. त्यांनी राहिलेले मासे साफ केले, हात धुतले आणि आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी आमटीत मीठ घातलं नाही. काका मुकाट्याने जेवले, आणि हेही पूर्वी कधी घडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. शाळा सुटल्यावर काकी मला फाटकातच भेटल्या. नवं लुगडं, हातात पिशवी, रिक्षा थांबवलेली. काकांना बाजारात जाते म्हणून सांगितलं होतं. गॅरेजात त्या आयुष्यात पहिल्यांदा पाय ठेवत होत्या. तेलाच्या डागांतून चपला सांभाळत त्या थेट गाडीपाशी गेल्या आणि उघड्या इंजिनाकडे वाकून बघितलं. बस्त्यावला म्हणाल्या, यातलं काय काय बदलता येतं ते दाखव. बस्त्यावने दाखवलं. काकींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, हे सगळं नवं घाल.

बस्त्यावची पंचाईत झाली. मालक एक सांगून गेलेला, मालकीण दुसरंच सांगते. "चीफ माका खातले, काकी," तो म्हणाला.

"तेंका मी बघतंय," काकी म्हणाल्या.

बस्त्यावने मग दुसरी अडचण सांगितली. पंप इथे मिळत नाही, कोल्हापूरहून मागवावा लागेल, तीन-चार दिवस तरी जातील. हवं तर आता जुन्याच पंपावर झाकण लावून देतो, नवा आला की परत उघडू. चालतंय ते चालू द्या म्हणत आयुष्य काढलेल्या काकींनी त्यावर असं काही बघितलं की बस्त्यावने पुढचं वाक्य गिळलं आणि तिथेच कोल्हापूरला फोन लावला.

फोन झाल्यावर काकींनी पिशवीतून नारळ काढला. गाऱ्हाणं कोण घालणार, असं त्यांनी विचारलं. बस्त्याव म्हणाला, मला फक्त होकार भरता येतो. त्याचे कारागीर एकमेकांकडे बघायला लागले. आमच्याकडे गाऱ्हाणं बायका घालत नाहीत. काकींनी पदर डोक्यावर घेतला, नारळ दोन्ही हातांत धरला आणि गाडीसमोर उभ्या राहिल्या.

"बा देवा म्हाराजा," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता की शेजारचा कॉम्प्रेसर बंद करावा लागला. "हय ही गाडी उघडून ठेवली आसा. ह्यो पट्टो आसा. तेका ताणून धरणारो तो आसा. ती बारकी चाकां आसत, आणि पाणी फिरवणारो पंप आसा. माका तेंची नावां येनत नाय, तुका येतत. मी सगळा नवा घालतंय. पाच वर्सां ही गाडी चलांदे, आणि चलवणारो पण चलांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. मी ते पहिल्यांदाच म्हणत होते. मला रडू येत होतं आणि ते लपवायचं मला सुचलंही नाही. बस्त्यावने क्रूस काढला आणि नारळ फोडला.

पुढचे चार दिवस घरी कठीण गेले. एक पट्टा बदलायला इतके दिवस का, असं काका दर संध्याकाळी विचारत. मी वीज नाही, कारागीर रजेवर गेला, अशा थापा मारल्या. काकी शांत होत्या. त्यांना विचारलं की त्या म्हणत, मला काय कळतं त्यातलं.

पाचव्या दिवशी मी गाडी घेऊन आले. काका ओटीवर बसले होते. काकींनी त्यांच्यासमोर वर्तमानपत्र पसरलं आणि डिकीतून काढलेली गोणी त्याच्यावर रिकामी केली. मग खाली बसून एकेक भाग रांगेत मांडला. पट्टा. टेन्शनर. आयडलर. सील. शेवटी पंप. काका एकेक भाग बघत शेवटी पंपापाशी थांबले.

"ह्या बदलूक कोणी सांगल्यान?"

"मी."

काकांनी पंप उचलला. फिरकी बोटाने फिरवली, कानाशी नेली, पुन्हा फिरवली. "बेरिंग बरा होता ह्याचा," ते म्हणाले.

"तुमचाय बरा आसा," काकी म्हणाल्या. "डॉक्टर सांगा होतो, तुमी आयकलास नाय. आता पाच वर्सांचा सामान घातलंय गाडयेत. माझ्यान काय फुकट घालवूक जावचा नाय. तुमी ता वापरा."

ज्या बाईने चहाच्या भांड्याचा कान तार गुंडाळून वाचवला होता, तिच्या तोंडून फुकट घालवणं हा शब्द काय वजनाचा आहे, ते काकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी पंप कागदावर ठेवला. उठून आत गेले आणि कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडले. दोन दिवस ते काकींशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तर खळ्यात गाडीचा हॉर्न वाजत होता. काका स्टीअरिंगवर बसले होते. चालत गेले तर दहा मिनिटांवर असलेल्या माझ्या शाळेत मला सोडायचं त्यांनी ठरवलं होतं. गाडी सुरू करून ते आधी खाली उतरले, बॉनेट उघडलं, स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून बराच वेळ ऐकत उभे राहिले. त्या दिवशी मला पहिल्या तासाला उशीर झाला.

त्यानंतर काका तीन-साडेतीन वर्षं ती गाडी चालवत होते. मासळी बाजारात, बँकेत, जत्रांना. गोव्याला तपासणीलाही स्वतः चालवत नेत आणि डॉक्टरांना दुसऱ्या शिरेची आठवण करून देत. पिंगुळीला कळसूत्री बाहुल्या बघायला आम्हा दोघींना घेऊन गेले आणि तिथे बाहुल्यांचे दोरे कसे बदलतात यावर त्या कलाकाराचा तासभर खाल्ला. काकी मागे बसून झोप काढत. मी इतकी वर्षं या घरात राहिले, पण सगळ्यांत जास्त हसले ती याच काळात.

गेले ते एका दुपारी, जेवून खळ्यातल्या खुर्चीत बसल्या बसल्या. कोणाला हाक मारली नाही. काकी ताक घेऊन गेल्या तेव्हा कळलं.

दिवसकार्य झाल्यावर मुलाने गाडीची गोष्ट पुन्हा काढली. वाईट हेतू नव्हता त्याचा. घरात चालवणारं कोणी नाही, गाडी उभी राहून गंजेल, बस्त्यावने गिऱ्हाईकही बघून ठेवलंय, असं तो समजुतीने सांगत होता. काकी म्हणाल्या, विकायची नाही, तिच्यात अजून सामान आहे. मुलाला काही कळलं नाही. चालवणार कोण, असं त्याने विचारलं, तर काकींनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला त्यांनी आधी विचारलं नव्हतं. मी मान डोलावली.

महिन्याभराने एका रविवारी त्या म्हणाल्या, आरोंद्याला जाऊन येऊ. आरोंदा त्यांचं माहेर. भाऊ राहिले नव्हते, भाचा होता, आणि लग्नानंतर त्यांचं तिथे जाणं फार झालं नव्हतं. त्या आयुष्यभर गाडीत मागेच बसत आल्या होत्या. त्या दिवशी पुढचं दार उघडून माझ्या डाव्या हाताला बसल्या आणि सीटचा पट्टा लावून द्यायला सांगितला. भाच्याकडे जेवलो. खाडीवर जाऊन त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग आम्ही निघालो.

शिरोडा फाट्यापाशी मी गाडी हळू केली. उजवीकडे सावंतवाडीवरून हायवेने गेलं तर उजेडात घरी पोचलो असतो. सरळ समुद्राच्या कडेने शिरोडा, वेंगुर्ला करत गेलं तर वळणं फार आणि वेळही फार.

"त्यो पट्टो कितकोसो ऱ्हवलो गो?" काकींनी एकाएकी विचारलं.

मी काट्यांखालचा किलोमीटरचा आकडा बघितला आणि सांगितलं, बराच आहे काकी, वर्ष-दीड वर्ष आरामात जाईल. मला वाटलं, आता त्या म्हणतील, मग जपून वापर.

त्या समोरच्या रस्त्याकडे बघत होत्या. "ठेवन काय करूचा?" त्या म्हणाल्या. "लांबच्या वाटेन घे."

मी गाडी शिरोड्याच्या रस्त्याला घातली.